तीन पुस्तके आणि ताईचा गुडघा

माझ्या पलंगाच्या उशाशी, भिंतीतल्या फडताळात, तीन पुस्तके उभी असतात. तिन्ही कुत्र्यांविषयी आहेत. कोणी घरी येणार असेल तर मी त्यांचे कणे भिंतीकडे वळवून ठेवते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण पाहुण्याने विचारले तर उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर लांब आहे. साठी उलटेपर्यंत जिने कुत्र्याच्या अंगाला बोटही लावले नव्हते, त्या बाईच्या उशाशी ही पुस्तके कशी आली, हे दोन वाक्यांत सांगण्याची कला मला अवगत नाही. म्हणून लिहून सांगते आहे. लिहिणे मला बोलण्यापेक्षा नेहमीच सोपे गेले आहे, आणि या गोष्टीतला घोटाळाही त्यातूनच झाला.

यवतमाळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बत्तीस वर्षे नोकरी केली. आलेल्या पुस्तकावर शिक्का मारणे, त्याला क्रमांक देणे, कणा उसवला तर खळ लावून चिकटवणे, ही माझी कामे. कुत्र्यांच्या पुस्तकांचा क्रमांक ६३६.७. कोंबड्यांच्या पुढे आणि मांजरांच्या मागे, खिडकीजवळच्या कपाटात, ती पाच-सहा पुस्तके असत. त्यांना मी कितीदा तरी कव्हरे घातली. उघडून मात्र एकही वाचले नव्हते. वाचनकक्षात गलका झाला की माझ्या सहकारी बाई टेबलावर लाकडी पट्टी आपटत. मला ते कधी जमले नाही. मी घरी जाऊन, पुठ्ठ्यावर, वळणदार अक्षरात सूचना लिहून आणी आणि दुसऱ्या दिवशी कोणी येण्यापूर्वी भिंतीवर लावून टाकी. निवृत्त झाले तेव्हा त्या भिंतीवर माझ्या हातच्या अकरा सूचना होत्या. निरोपाच्या दिवशी कोणीतरी म्हणाले की बाई गेल्या तरी त्यांचे बोलणे इथेच राहील. सगळे हसले, मीही हसले.

घरी आम्ही दोघी बहिणी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. लग्न दोघींनीही केले नाही. वडिलांनी बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात ती बोलते आणि मी ऐकते, अशी आमची जुनी वाटणी आहे. भाजीवाल्याशी, वायरमनशी, बँकेतल्या माणसाशी तीच बोलते. कुत्राही तिनेच आणला. खरे तर आणला असे म्हणता येणार नाही. तो आमच्या गल्लीचाच होता. तांबूस रंगाचा, उजवा कान मोडून पडलेला, उंच पायांचा. आमच्या भागात सकाळची शेवटची पोळी कुत्र्यासाठी बाजूला ठेवण्याची रीत आहे, आणि गल्लीत आमचे सोडून घरे सात. त्यामुळे त्याचे दिवस सुखाचे चालले होते. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत ताईने एका सकाळी फाटक उघडे ठेवले आणि तो आत येऊन पायपुसण्यावर झोपला. तेव्हापासून तो आमचा झाला. गल्लीने मात्र त्याच्यावरचा हक्क सोडला नाही. प्रत्येक घरी त्याचे नाव वेगळे होते आणि तो सगळ्या नावांना ओ देई.

त्याच्याशी मी पहिल्यांदा बोलले तेव्हा माझ्या तोंडून "बसा" असे आले. अनोळखी माणसाला दुसरे काही म्हणायची मला सवयच नव्हती. ताई पोट धरून हसली. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सातही घरी पोहोचली होती. समोरच्या वहिनी फाटकातून विचारून गेल्या, की त्याला चहाही विचारला का.

ताईची त्याच्याशी बोलण्याची तऱ्हा निराळी. संध्याकाळी फिरून आली की ती पायरीवर उभी राहून दोन्ही हात पसरी आणि म्हणे, "ये, माझ्या वाघा." आणि तो धावत येऊन दोन्ही पंजे तिच्या खांद्यांवर टाकी. तिचा चष्मा तिरपा होई, पदर मातीने भरे, आणि ती अशी हसे की शाळेत तिला ओळखणाऱ्या कोणाचा त्यावर विश्वास बसला नसता. दोन वर्षे रोज हे चालले. म्हणजे भेटताना माणसाच्या अंगावर उडी घ्यावी, हे त्याला शिकवले ते ताईनेच.

मग तिच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. दिवाळीनंतर नागपूरला शस्त्रक्रिया ठरली. त्यानंतर सहा आठवडे तिने तिथेच, आमच्या भावाकडे राहायचे होते. डॉक्टरांनी बजावले होते की घरी गेल्यावरही काही महिने वॉकर धरून चालावे लागेल, आणि त्या काळात पडणे अजिबात परवडणार नाही. हे सांगताना ताई कुत्र्याकडे पाहत नव्हती. निघण्याच्या आदल्या दुपारी बॅग भरता भरता तिने निकाल देऊन टाकला.

"सहा आठवडे आहेत तुझ्यापाशी. मी येईन तवा याचे चारही पाय खाली पाहिजेत. नाही जमलं तर राळेगाव. अन् मग माझ्यासमोर रडाचं नाही वं."

राळेगावला आमच्या चुलतभावाचे शेत आहे. कापसात आणि तुरीत रानडुकरे शिरतात म्हणून त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. तो मायाळू माणूस आहे, पण त्याची कुत्री दिवसभर साखळीला असतात. आमचा कुत्रा जन्मात बांधला गेला नव्हता. हे मी ताईला सांगायला हवे होते. मी तिच्या साड्यांच्या घड्या घालत राहिले. तिचे म्हणणे बरोबर होते, आणि ते म्हणताना तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता, यावरून ते तिला किती जड जात आहे हेही मला कळत होते.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन ६३६.७ समोर उभी राहिले. संकट आले की कपाटाकडे जायचे, एवढीच विद्या माझ्यापाशी होती.

पहिले पुस्तक मी निवडले ते त्याच्या जाडीवरून. इंग्रजी, लाल कापडी बांधणीचे, बरेच जुने. लेखकाने लष्करी शिस्तीत आयुष्य काढले असावे. त्याच्या मते कुत्र्याला धनी कोण हे प्रत्येक क्षणी कळले पाहिजे: दारातून आधी धन्याने जावे, जेवावे आधी धन्याने, हुकूम एकदाच आणि खड्या आवाजात द्यावा, ऐकला नाही तर साखळीला झटका. मी जन्मात कोणाच्या आधी दारातून गेलेली नाही. तरी दोन दिवस प्रयत्न करून पाहिला. फाटकाशी मी थांबे, तोही थांबे, आणि आम्ही दोघे एकमेकांना वाट देत उभे राहू. साखळीच्या प्रकरणाला मी खूण घालून ठेवली आणि पुढे गेले नाही. तरीही ते पुस्तक मला आवडते, आणि त्याचे कारण त्यातले शेवटचे प्रकरण आहे. त्यात तो कडक माणूस आपल्या म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या कुत्रीविषयी लिहितो. तिच्यासाठी तो खोलीतले फर्निचर कधी हलवत नसे. आधीच्या साडेतीनशे पानांत त्याने जे लपवले, ते त्या चार पानांत उघडे पडले आहे.

दुसरे चित्रांचे. रेषांनी काढलेली शंभरेक चित्रे: कान, शेपट्या, ओठ, पाठीवरचे केस. कुत्रा तोंड फिरवतो, नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो, तेव्हा तो अवघडलेला असतो. समोरच्याला तो सांगत असतो, की जरा हळू, मला थोडी जागा द्या. हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवले आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. लग्नाच्या मांडवात कोणी ओळखीचे हाक मारत आले की मी हेच करते. नजर वळवते, पर्समध्ये काहीतरी शोधते, आणि हो, जांभईसुद्धा येते. माझ्याविषयी इतके अचूक मी आजवर कुठे वाचले नव्हते.

तिसरे पुस्तक सर्वांत पातळ आणि मराठीतले. पहिल्या दोन पुस्तकांची मुदत मी अजून दर महिन्याला जाऊन वाढवून घेते; हे मात्र ग्रंथालयाचे नाही. पूर्वी कधीतरी मैदानावरच्या पुस्तक प्रदर्शनात घेऊन विसरून गेले होते. लेखक तालुक्याच्या गावचे गुरांचे डॉक्टर. कागद खरखरीत, छपाईच्या चुका पानोपानी. पण त्यांचे सांगणे सरळ होते. कुत्रा जे पुन्हापुन्हा करतो, त्यातून त्याला काही ना काही मिळत असते. ते काय आहे ते शोधा आणि द्यायचे बंद करा. उडी घेणाऱ्या कुत्र्याला माणूस हवा असतो. तेव्हा उडी घेतली की माणसाने पाठ फिरवावी. पाय खाली टेकले, बूड टेकले, की लगेच वळावे, बोलावे, खाऊ द्यावा. आणि हे घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी करावे. एकाने जरी उडीला दाद दिली तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते. 'प्रत्येकाने' या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती. त्या पानात मी एसटीचे जुने तिकीट खूण म्हणून घातले.

घरात त्याने आठ दिवसांत शिकून घेतले. मी पाठ फिरवी, तो गोल फिरून समोर येई, मी पुन्हा पाठ फिरवी. शेवटी कंटाळून तो बसे. मग तुपाचे बोट लावलेला पोळीचा तुकडा. पण फाटकाबाहेर पाऊल पडले की सगळे शून्यावर. वहिनी पोळी घेऊन बाहेर येत, तो त्यांच्या कमरेवर पंजे टेके, त्या म्हणत, "भूक लागली काय माह्या लेकराले?" आणि पोळी त्याच्या तोंडात. पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच. घरी परत येईपर्यंत तो इतका तुडुंब झालेला असे की माझ्या तुपाच्या तुकड्याकडे पाहतही नसे. डॉक्टरांच्या पुस्तकात 'घरातला प्रत्येक' होता. आमच्या कुत्र्याचे घर म्हणजे ती अख्खी गल्ली.

तिथल्या प्रत्येकाला सांगायला हवे होते. ते काम ताईने दूध आणायला जाता जाता, दहा मिनिटांत केले असते. मी काय केले असेल, हे सांगायची गरज नाही. मी पुठ्ठा कापला, शाईचे पेन काढले आणि लिहिले, की सर्व रहिवाशांस नम्र विनंती करण्यात येते की श्वानाने अंगावर झेप घेतल्यास त्यास कोणीही स्पर्श करू नये, संबोधू नये, तसेच पोळी देऊ नये. खाली पुस्तकातली कारणे थोडक्यात दिली. पहाटे, कोणी उठायच्या आत, फाटकाला तारेने बांधून टाकले.

सकाळी नऊच्या आत त्याचा फोटो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्याखाली बरेच अंगठे आले. एकाने विचारले, कुत्र्याने सही केली का. मी फोन उशीखाली ठेवला. खरी शिक्षा पुढे होती. वहिनींचे दार त्या दिवशी उघडले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो त्यांच्या पायरीसमोर बसून राही, मग उठून माझ्याकडे पाही. बाकीच्या घरांतून मात्र उडी आणि पोळी हा व्यवहार सुखेनैव चालू राहिला, कारण सूचना वाचून वागणूक बदलणारा माणूस मी ग्रंथालयातही बत्तीस वर्षांत फारसा पाहिलेला नव्हता. एवढे तरी मला आठवायला हवे होते.

चौथा आठवडा लागला. एका सकाळी मी दुधाच्या पिशव्या घेऊन फाटकातून आत येत असताना तो मागून धावत आला. कोणाकडून तरी खाऊन, आनंदात. मी वळले आणि त्याचे दोन्ही पंजे माझ्या छातीवर आले. मी पायरीवर पडले. एक पिशवी फुटली, तळहात खरचटला, बाकी काही नाही. पण मी उठले नाही. पायरीवर पसरलेल्या दुधाकडे पाहत बसून राहिले, कारण त्या जागी मला ताई दिसत होती. तो दूध चाटत होता. त्याला त्यातले काही माहीत नव्हते.

गल्लीच्या तोंडाशी चाचांचे गॅरेज आहे. दुचाक्या दुरुस्त करतात. माझ्याच वयाचे असतील, पण त्यांना सगळे चाचाच म्हणतात. इतक्या वर्षांत आमचे बोलणे नमस्कारापुढे गेले नव्हते. ते हातातला पाना तसाच घेऊन आले.

"उठू नका मॅडम लगेच. पहिले पाय हलवून पाहा."

मी पाय हलवले. ते फाटकावरच्या पुठ्ठ्याकडे वळले आणि त्यांनी तो शांतपणे, वरपासून खालपर्यंत वाचला.

"अक्षर लय मस्त हाय जी तुमचं," ते म्हणाले. "पण तो याच्याखालून येऊन-जाऊन राह्यला न."

एवढे बोलून ते परत निघाले आणि कुत्रा त्यांच्यामागे गेला. गॅरेजच्या दारात एक गोणपाट पसरलेले असते. चाचा वळले तसा तो त्या गोणपाटावर जाऊन बसला. नीट, पुढचे पाय जुळवून, मान वर करून. चाचांनी डब्यातून पोळीचा तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. ना उडी, ना पंजा. मी हे रोज पाहत आले असणार. फाटकातून ते गोणपाट सरळ दिसते. मी पुस्तकात पाहत होते.

तिथवर वीसेक पावले असतील. ती चालून जाऊन प्रश्न विचारायला मला दुपार झाली. मनात वाक्य चार वेळा तयार केले आणि तिथे गेल्यावर त्यातला अर्धाच भाग बाहेर आला: "तुमच्या अंगावर तो का नाही येत?"

चाचांनी चाक फिरवणे थांबवले. हात पुसत त्यांनी सांगितले, ते साधारण असे. दुपारच्या नमाजला ते गॅरेजातूनच जातात. त्यासाठी धुतलेला कुर्ता खुंटीवर असतो. कुत्र्याची लाळ लागली की तो बदलावा लागतो. कुत्र्यावर त्यांचा राग नव्हता, पण रोज दोन कुर्ते कोण धुणार? म्हणून तो अंगावर यायला लागला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत. तो गोणपाटावर बसला की वळत आणि पोळी देत. दोन महिने लागले.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवते जी? धुवाचा कंटाळा."

मी त्यांना सांगितले की हे सगळे माझ्या एका पुस्तकात लिहिलेले आहे, असेच्या असे, पाठ फिरवण्यापर्यंत. त्यांना आनंद झालेला दिसला. ते पुस्तक कोणाचे, किती जुने, हेही त्यांनी विचारले. मग मी विचारले की हे त्यांनी गल्लीत कोणाला सांगितले का नाही.

"कोणी विचारलंच नाही," ते म्हणाले. आणि चाकाकडे वळता वळता, "तुम्ही तरी कुठं विचारलं मॅडम? कागद लावला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी घरी आले आणि तार सोडवून पुठ्ठा काढला.

त्या संध्याकाळी मी सात घरी गेले. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पहिल्या घराची घंटा वाजवण्याआधी मी तीन वेळा चप्पल सरळ केली. सर्वांत आधी वहिनींकडे गेले, कारण सर्वांत अवघड तेच होते. त्यांनी दार उघडले, आत या म्हणाल्या नाहीत.

"मले वाटलं, आमची पोळी तुमच्या कुत्र्याले चालेनाशी झाली," त्या म्हणाल्या. "कागदावर लिहून सांगाले आम्ही काय परके आहो?"

मी म्हणाले की परके नाही. मला बोलता येत नाही, एवढेच. मग ताईचा गुडघा, डॉक्टर, राळेगाव आणि साखळी, सगळे सांगितले. राळेगावचे त्यांना ठाऊकच नव्हते. कोणालाच नव्हते, कारण सूचनेत मी कारणे दिली ती कुत्र्यांच्या स्वभावाची. आमच्या घरची दिली नव्हती. वहिनींनी मला आत ओढले आणि चहा टाकला. पोळी बंद करायची गरज नाही, तो बसला की द्यायची, एवढेच आहे, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "इतकंच होतं तर दोन दिवस त्याले कायले उपाशी ठेवलं?" त्या दोन दिवसांत पोळी न देणाऱ्या त्याच होत्या; मी चहाचा घोट घेतला.

उरलेल्या दोन आठवड्यांत आमच्या गल्लीत जे चालले ते तिऱ्हाईताने पाहिले असते तर त्याला काय वाटले असते, कोण जाणे. सकाळी सात घरांतली माणसे आपापल्या दारात कुत्र्याकडे पाठ करून उभी. हातात पोळी. आणि प्रत्येक जण त्याला "बसा" म्हणत होता, कारण मी तेच म्हणते हे सर्वांना ठाऊक होते, आणि प्रत्येकाने प्रत्येक वेळी तेच करायचे असे मी सांगितले होते. चित्रांच्या पुस्तकात होते की नव्या वस्तूची ओळख आधीच करून द्यावी. मी हे चाचांना सांगितले, तर त्यांनी मोडीतल्या नळ्या जोडून वॉकरसारखी एक चौकट तयार केली. वहिनींनी ताईची किरमिजी शाल पांघरली, चौकट धरली आणि लंगडत, ताईच्याच आवाजात, "काय वं, चहा झाला का नाही?" असे म्हणत फाटकातून आत आल्या. आवाज इतका हुबेहूब होता की मीच दचकून उभी राहिले. कुत्रा उठला, बसला, पुन्हा उठला. मग त्याने नाक चाटले आणि मोठी जांभई दिली.

मी म्हणाले, आज पुरे.

"झोप आली असन त्याले," चाचा म्हणाले.

ती झोप नव्हती. मी आत जाऊन पुस्तक आणले आणि त्यांना ते चित्र दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले, पाने उलटून बाकीचीही पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारून सांगितले की गाडी चार दिवसांनी मिळेल असे सांगताच एका गिऱ्हाइकाने जांभई दिली, म्हणून त्यांनी लगेच तीन दिवस केले. तेव्हापासून ते पुस्तक दर शुक्रवारी दुपारी गॅरेजात जाते आणि संध्याकाळी परत येते.

ताई आली ती जानेवारीतल्या एका सकाळी, भावाच्या गाडीतून. मी कोणाला बोलावले नव्हते, पण सातही दारांत माणसे होती. कोणी पोळी हातात घेतली नव्हती. चाचा गॅरेजच्या दारात उभे होते. गाडीचे दार उघडले, आधी वॉकर बाहेर आला, मग ताई. थोडी वाळली होती. कुत्रा गोणपाटावर होता. त्याने मान वर केली, वास घेतला आणि सुटला.

दोन आठवडे मी याच क्षणाची तयारी केली होती, आणि एका माणसाला सांगायचे राहून गेले होते. ताईने त्याला येताना पाहिले, तिचा चेहरा फुलला, आणि तिने वॉकरवरचे दोन्ही हात उचलून पसरले.

"ये, माझ्या..."

"ताई, हात खाली."

हे मी म्हटले. मोठ्याने म्हटले. गल्लीच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेले असे मागाहून वहिनींनी सांगितले. "वॉकर धर. आधी तो बसू दे."

ताईने माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी वर्गात उभे केल्यासारखा तिचा चेहरा झाला. पण हात खाली आले आणि वॉकरच्या दांड्यांवर घट्ट बसले. कुत्रा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. पुढचे पाय उचलले जात होते, थरथरत होते, पुन्हा खाली येत होते. घशातून बारीक आवाज निघत होता. मला वाटले, आता जाणार. सहा आठवड्यांची ओढ होती ती.

मी हळू म्हणाले, "बसा."

तो बसला. शेपटीने मागची सगळी माती झाडून निघाली, पण बसला. ताईने एक हात वॉकरवर ठेवून दुसरा खाली केला आणि त्याने आपले डोके त्या हातात दिले. तिला वाकता येत नव्हते, म्हणून ती नुसती त्याचा मोडका कान बोटांनी सरळ करत राहिली. भाऊ बॅग घेऊन मागे उभा होता, त्याला जायला वाट नव्हती, आणि तोही थांबला.

घरात आल्यावर, खुर्चीत बसून, पाय स्टुलावर ठेवल्यावर ती म्हणाली, "केव्हापासून बोलाले लागली वं तू?"

मी चहा ठेवायला गेले. स्वयंपाकघरातून मला ऐकू आले, की तिने राळेगावला फोन लावला आहे. कुत्रा देता येणार नाही, दुसरा पाहा, असे ती सांगत होती. जरा जास्तच रागावून सांगत होती, जणू मागणी चुलतभावानेच केली होती. पलीकडून त्याने काय म्हटले कोण जाणे. शेवटी ताईने त्याच्याकडून हुरड्याचे आमंत्रण काढून घेतले.

त्या आमंत्रणाला आम्ही फेब्रुवारीत गेलो. तोवर ताई काठीवर आली होती. गाडीत मागच्या सीटवर कुत्रा माझ्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता आणि ताई पुढे बसून ते पातळ पुस्तक वाचत होती. छपाईच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत, पण वाचत होती. 'प्रत्येकाने' या शब्दापाशी ती थांबली आणि त्याखाली आणखी एक रेघ मारली. कपाशीची झाडे वाळून उभी होती, तूर निघाली होती, बांधावर ज्वारीची कणसे भाजण्याचा वास सुटला होता. चुलतभाऊ स्वागताला पांढरा शुभ्र शर्ट घालून शेताच्या धुऱ्यावर उभा होता. त्याने आम्हाला पाहून, मोठ्या प्रेमाने, दोन्ही हात पसरले.

त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पंजे थेट खिशापर्यंत गेले. तो हसत होता, कुत्रा त्याचे तोंड चाटत होता, शर्टाची पार वाट लागली होती. ताईने काठी टेकली आणि माझ्याकडे वळून पाहिले. मी म्हणाले, "दादा, पाठ फिरवा."

त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग ताईकडे, आणि निमूटपणे पाठ फिरवली.